चाळिसावा लाभार्थी

सरकारी कागदावर शून्य लिहू नये, हे गंगाधर टिपणीसांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेलं ज्ञान होतं. शून्य लिहिलं की वरून विचारणा येते, विचारणेला खुलासा द्यावा लागतो आणि खुलासा दिला तरी तो मिळाला नाही म्हणून स्मरणपत्र येतं. आकडा लिहिला की कोणी काही विचारत नाही. म्हणून वर्षभरात सर्पदंशाचा एकही रुग्ण आला नसला तरी टिपणीस त्या रकान्यात दोन लिहीत, आणि माणूस भला असल्यामुळे दोघेही बरे होऊन घरी गेले असंही लिहीत.

टिपणीस राहायला महाडला. रोज सकाळच्या एसटीने ते पोलादपूरच्या बाजूला एका तीस खाटांच्या सरकारी रुग्णालयात वरिष्ठ लिपिक म्हणून जात. रुग्णालयाचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की खुलासा द्यावा लागेल, आणि तो लिहायला आपल्याकडे टिपणीस नाहीत.

तर अशा या माणसाला आठ महिन्यांपासून एक दुखणं लागलं होतं. दुखणं नेमकं कुठे, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चाल बदललेली सगळ्यांना दिसत होती, लघवीला गेलेला माणूस वीस-वीस मिनिटं परत येत नाही हेही दिसत होतं. बायकोने, म्हणजे शुभदाताईंनी, विचारलं तेव्हा टिपणीसांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "गुडघा." झालं. एकदा गुडघा म्हटल्यावर आळी स्वस्थ बसणार होती थोडीच? वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई निर्गुडीचा पाला घेऊन आल्या आणि तो कसा वाफवायचा, हे समोर बसून दाखवूनच गेल्या. शुभदाताई रोज रात्री तेल कोमट करून त्यांच्या धडधाकट गुडघ्यांना चोळू लागल्या. कोणी म्हणालं, सवला जा, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा. टिपणीस गेले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ते जरा धीर करून कमरेपर्यंत उतरले, आणि तेवढ्यात एक लग्नाचं वऱ्हाड आलं. वऱ्हाडात निम्मे लोक ओळखीचे. बाहेर यायची सोय उरली नाही. दीड तास टिपणीस त्या पाण्यात बसून वधूपक्षाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. बाहेर आले तेव्हा चांगलेच शिजले होते.

शेवटी ते पनवेलला गेले, कारण पनवेलला त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं. "तुमच्या साखरेमुळे पुढची कातडी आवळत चाललीय. घाबरण्यासारखं काही नाही. सुंता करून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. पण टाळू नका. एक दिवस लघवी अडेल आणि मग जे रुग्णालय जवळ असेल तिथे पळत जावं लागेल."

जवळचं रुग्णालय म्हणजे टिपणीसांचं स्वतःचं. आणि तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्या एकट्या डॉ. राजश्री तांबे. वैद्यकीय अधीक्षकही त्याच. वय चौतीस, हात हलका, बोलणं सडेतोड. दोन वर्षांत बाईंनी रुग्णालयाची कळा बदलली होती. टिपणीसांना त्यांच्याविषयी मनापासून आदर होता आणि तीच तर पंचाईत होती. ज्या बाईंच्या टेबलावर रोज सकाळी सह्यांची फाइल ठेवायची, त्याच बाईंच्या दुसऱ्या टेबलावर स्वतः जाऊन पडायचं? मुंबईला करावं तर मेहुण्याकडे उतरावं लागणार, आणि मेहुण्याला कळलं म्हणजे आकाशवाणीला कळलं. शिवाय रजेला कारण, कारणाला दाखला आणि दाखला मंजुरीला पुन्हा तांबेबाईंपुढे. टिपणीसांनी सगळ्या वाटा तपासल्या. सगळ्या त्याच दाराशी येत होत्या.

अशात दोन हजार आठच्या जानेवारीत तो फॉर्म आला.

पुण्याच्या कुठल्याशा संशोधन संस्थेचा नऊ पानी फॉर्म, वरच्या कार्यालयामार्फत. विषय: एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी पुरुषांची सुंता आणि सरकारी रुग्णालयांची क्षमता. आफ्रिकेत मोठमोठ्या चाचण्या झाल्या होत्या आणि सुंता झालेल्या पुरुषाला बाईकडून लागण होण्याचा धोका बराच कमी होतो, असं त्यात दिसलं होतं. आपल्याकडे उद्या असं काही करायचं म्हटलं तर रुग्णालयांना झेपेल का, एवढंच संस्थेला बघायचं होतं. टेबलं किती, हत्यारं उकळायचं यंत्र चालतं का, सध्या वर्षाला किती करता, जास्तीत जास्त किती कराल. शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत छापलं होतं की ही निव्वळ पाहणी आहे, कार्यक्रम नव्हे. पण शेवटचं पान टिपणीस वाचत नसत. तिथे सही आणि शिक्का एवढंच असतं.

"खरं असेल ते लिहा," तांबेबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तीन केल्या, तिन्ही आजारामुळे. महिन्याला चारच्या वर जमणार नाहीत. यंत्र महिन्यातून दोनदा बंद पडतं, त्याचं पत्र गेलं का?" एवढं बोलेपर्यंत एक अडलेलं बाळंतपण आलं आणि बाई शेवटच्या पानावर सही करून धावत गेल्या. उरलेली आठ पानं टिपणीसांच्या हातात कोरी राहिली.

टिपणीसांनी नसबंदीची शिबिरं पाहिली होती. चाळीस माणसं एका रांगेत, सगळ्यांच्या अंगावर सारखेच हिरवे झगे, गळ्यात नंबर. शिबिरात माणूस नसतोच, नंबर असतो. आणि शिबिराला बाहेरून डॉक्टर येतात, पुरुष डॉक्टर, जे संध्याकाळी जीपमध्ये बसून जातात आणि पुन्हा जन्मात भेटत नाहीत. त्या चाळिसांत एक नंबर आपला लागला तर कोणाला कळणार आहे? या विचाराने त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदाच हुशारी वाटली.

मग त्यांनी आकडेमोड केली. एका शस्त्रक्रियेला वीस मिनिटं, म्हणजे तासाला तीन, सहा तासांत अठरा, आणि वर्षाचे तीनशे दिवस. क्षमता: पाच हजार चारशे. गुणाकार दोनदा तपासला, बरोबर होता. या वेगाने तालुक्यातले समस्त पुरुष चार-पाच वर्षांत संपत होते. पुढे काय करायचं, हा प्रश्न टिपणीसांनी आपल्या जागी येणाऱ्या लिपिकावर सोडला. 'पहिल्या शिबिरासाठी अपेक्षित मागणी' इथे चाळीस लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'पुरुष शल्यचिकित्सक मिळाल्यास उत्तम.' 'सुंता' हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा लिहायला त्यांचा हात धजेना. म्हणून विषयाच्या ओळीत एकदाच लिहून पुढे सगळीकडे 'विषयांकित शस्त्रक्रिया' असं घातलं. सरकारी मराठीत ही मोठी सोय आहे. आठ दिवसांत अख्खं रुग्णालय त्या गोष्टीला 'विषयांकित' म्हणू लागलं.

फेब्रुवारीत उत्तर आलं. बाकीच्या रुग्णालयांनी एकजात 'निरंक' लिहिलं होतं. त्यामुळे सगळ्यांची मिळून एकूण क्षमता पाच हजार चारशे भरली होती आणि ती सगळीच्या सगळी घाटाच्या पायथ्याशी एका तीस खाटांच्या रुग्णालयात होती. शिवाय तीन टेबलांवरून जाता जाता 'क्षमता' या शब्दाचं 'उद्दिष्ट' झालं होतं. अशा प्रवासात शब्दांचं असं होतं, त्याला कोणाचाच इलाज नाही. आपल्या रुग्णालयाचा उत्साह कौतुकास्पद आहे, मार्चअखेर चाळीस लाभार्थ्यांचं शिबिर घ्यावं, यादी आठ दिवसांत पाठवावी, पुरुष शल्यचिकित्सक येतील, पुण्याचं पथक पाहणीला येईल.

तांबेबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "पाच हजार चारशे? टिपणीस, मी जेवायचं कधी?"

"गणिताने तेवढेच येतात, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. "या तालुक्यात एचआयव्ही असलेली माणसं आहेत. हायवेवरची, मुंबईहून परतलेली. काही जण इथे दारापर्यंत येतात आणि परत जातात. का, तर कोणी बघेल. त्यांच्याशी दार लावून बोलता येईल अशी एक खोली मी दोन वर्षं मागतेय, ती मिळत नाही. आपली खरी क्षमता ती आहे. आणि तुम्ही पाच हजार चारशे लिहिता."

टिपणीसांना भयंकर शरम वाटली. कोणी बघेल म्हणून दारातून परत जाणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? बाईंनी शिबिर रद्द करण्याचं पत्र पाठवलं. मार्चअखेर असल्यामुळे रद्द करता येत नाही, असं उत्तर आलं. यादी आणण्याचं काम अर्थातच ज्यांनी चाळीस लिहिले होते त्यांच्या गळ्यात पडलं.

पहिली सभा कापडे गावात. रुग्णालयातला कक्षसेवक काशीराम त्याच भागातला, म्हणून त्याला बरोबर घेतलं. देवळापुढे पन्नासेक माणसं जमली. टिपणीस आफ्रिकेपासून सुरू झाले आणि मूळ मुद्द्याशी येताच 'विषयांकित, विषयांकित' करत घुटमळू लागले. लोकांना वाटलं धरणात जमीन जातेय. शेवटी काशीरामने उठून दोन वाक्यांत आणि एका हाताच्या खुणेने सगळं समजावलं.

"भातलावणीला अडचण नाय ना येनार?" मागून एकाने विचारलं.

"आन तो फुगा वापरायचा का सोडायचा मग?" दुसरा.

"वापरायचाच," काशीराम म्हणाला. "बाई सांगतात, ह्ये केलं तरी त्यो लागतोच."

"मंग ह्ये कशाला रे?" या प्रश्नाला टिपणीसांकडे उत्तर होतं, पण ते चौथ्या पानावर होतं आणि चौथं पान महाडला राहिलं होतं.

साळूबाई म्हणून एक म्हातारी पुढेच बसली होती. ती पदर खोचत म्हणाली, "पैलं सरकारनी नसबंदी केली. आता ह्ये कापतात. थोडं थोडं करून नेन्यापरास एकदाच काय त्ये सांगा ना!" बायकांमध्ये जो हशा उसळला तो थांबेना. सर्वांत जास्त तापला सहदेव. चाळिशीचा, मिशीवाला, मुंबईत टॅक्सी चालवून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेला. छातीवर हात मारून ओरडला, "आमच्या गावात कोनाला कायबी झालेलं नाय! लिवून घ्या!" टिपणीसांनी सवयीने लिहून घेतलं.

आठवडाभरात बातमी घाटावर आणि मुंबईत पोचली. यंदा शिमग्याला गावाकडे फिरकू नका, पोलादपूरला एसटी थांबवून करतात, असे निरोप गेले. दोन गावांत पालखी नाचवायला माणसं कमी पडली आणि त्याचं खापर टिपणीसांवर फुटलं. महाडला आनंदीबाईंनी शुभदाताईंना जिन्यात गाठून, "यांच्या ऑफिसात धर्म बदलून मिळतो म्हणे," असं हळूच विचारलं. शुभदाताई शांतपणे म्हणाल्या, "नाही, फक्त गुडघा बदलून मिळतो."

यादीत अजून एकही नाव नव्हतं. तेव्हा काशीरामच्या डोक्यात कल्पना आली. "साहेब, ज्यांचं झालेलं हाय त्यांचीच नावं लिवा ना. खोटं पन नाय आन त्रास पन नाय."

बुडत्याला काडीचा आधार. टिपणीसांनी दुसऱ्या दिवशी एसटीत लतीफभाईंच्या शेजारची जागा पकडली. लतीफभाई जहाजावरून निवृत्त झालेले, महाडच्या मोहल्ल्यात राहणारे, मुलाच्या दुकानावर रोज पोलादपूरला जाणारे. पाच वर्षांची एसटीची ओळख. टिपणीसांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं की मोहल्ल्यातली चाळीस नावं मिळतील का, फक्त नावं.

लतीफभाईंनी जे हसायला सुरुवात केली ती राजेवाडी फाटा गेला तरी चालूच. "अहो टिपणीस! माझं काम केलं आमच्या न्हाव्याने, बावन्न वर्षांपूर्वी. आणि त्याचं श्रेय मिळणार तुमच्या रुग्णालयाला? तो बिचारा कबरीत उठून बसेल." एसटीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मग लतीफभाईंनी टिपणीसांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "आमच्यात सहा-सात वर्षांची पोरं करून घेतात. एकदा बोंबलतात, मिठाई खातात, आठवड्याने पतंग उडवतात. एवढं घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. हे मी यादीबद्दल बोलत नाहीये."

टिपणीसांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि गुडघा चोळला.

शेवटी ते अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत शिरले. एक्क्याण्णव सालच्या नसबंदी शिबिराचं रजिस्टर काढलं आणि त्यातली एकोणचाळीस नावं सुवाच्य अक्षरात उतरवली. प्रत्येकापुढे 'तक्रार' या रकान्यात 'ठीक' असं लिहिलं. चाळिसाव्या ओळीत 'ग. वा. टि., राहणार महाड' एवढंच लिहिलं आणि क्षणभर थांबले. पण अर्धवट रकाने सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वय बावन्न. मधुमेह, सहा वर्षं. तक्रार दहा महिने. लघवीला वीस मिनिटं, जळजळ, चालताना त्रास. पनवेलला दाखवलं, सल्ला शस्त्रक्रियेचा. भीती: आहे. भीतीचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, तो त्यांनी पट्टीने आखून घेतला.

तांबेबाईंनी यादी वाचली. "गंमत आहे, टिपणीस. एकोणचाळीस जणांना काहीच झालेलं नाही आणि चाळिसाव्याला सगळंच झालंय. कोण हा?"

"नात्यातले आहेत एक."

"त्यांना म्हणावं, शिबिराची वाट बघू नका. उद्या या. दहा मिनिटं बोलू, मग ते ठरवतील."

"ते… जरा संकोची आहेत, मॅडम."

बाईंनी यादी खाली ठेवली. "मी आजवर कोणाच्या संकोचावर शस्त्रक्रिया केलेली नाही. आजार असतो, तो काढते, टाके घालते आणि पुढच्या माणसाकडे जाते. एवढं सांगा त्यांना." टिपणीस 'हो' म्हणाले आणि त्यांनी नात्यातल्या माणसाला काहीही सांगितलं नाही.

यादीतल्या प्रत्येकाला बोलावणं पाठवायची पद्धत आहे. काशीरामने एकोणचाळीस पत्रं इमाने इतबारे टाकली.

शिबिराच्या दिवशी मांडव घातला होता आणि माणसं आली होती तीनशे. सगळी बघायला. वडापावची गाडी लागली. पत्र मिळालेले सतरा जण नसबंदीचे जुने दाखले नाचवत आले. "एकदा केलंय! ह्ये बघा, शिक्का हाय! आनिक काय काय करनार?" गीताबाई म्हणून एक बाई नवऱ्याच्या नावाचं पत्र घेऊन पहाटे चालत निघाली होती. "त्यांना जाऊन नऊ वर्सं झाली," ती काशीरामला म्हणाली, "पन सरकारनी बोलावलं, तर मी आले." मग तिने जवळच्या परिचारिकेला विचारलं, "काय करू गो बाय, सांग." परिचारिकेने तिला चहा दिला. टिपणीसांनी ते खिडकीतून पाहिलं. दोन सर्पदंश लिहिताना असं कोणी कधी चालत आलं नव्हतं.

आणि टिपणीसांची स्वतःची अवस्था? पहाटेपासून थेंब उतरला नव्हता. पोट दगडासारखं झालं होतं, कपाळावर घाम होता. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलेला एक दिवस तो हाच, हे त्यांना कळून चुकलं. एकच आशा, पुरुष शल्यचिकित्सक. जीप आली तशी त्यांनी डॉ. धवल यांना मांडवाच्या खांबाआड गाठलं.

"डॉक्टर, एक केस आहे, पण ती तुम्हीच…"

"मी?" डॉ. धवल म्हणाले. "अहो, मी शिकायला आलोय. माझ्या हातून एकही झालेली नाही. तांबे मॅडमनी मुंबईत शेकड्यांनी केल्यात. आम्हाला वरून सांगितलंय, त्यांच्याकडे बघून घ्या."

टिपणीस खांबाला धरून उभे राहिले.

पुण्याच्या पथकाचा प्रमुख निषाद नावाचा तरुण होता. हातात घड्याळ, वही आणि ती यादी. तो एकेक नाव वाचू लागला. गैरहजर. मयत. झालेलं आहे. मयत. मुंबई. मांडवातल्या लोकांना मजा वाटू लागली. प्रत्येक नावाला एकसुरात उत्तर येऊ लागलं. तांबेबाई दारात उभ्या होत्या. त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या, मुद्दाम हातातल्या कागदाकडे पाहत होत्या.

"चाळीस," निषाद म्हणाला. "ग. वा. टि. राहणार महाड."

लोक थांबले. हे नाव कोणाच्या ओळखीचं नव्हतं. टिपणीसांना वाटलं, गप्प राहावं. पुढच्या एसटीने महाड, मग पनवेल. पण पनवेल फार लांब होतं आणि पोट फार जवळ. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांची हजेरी घेतली होती, स्वतःची कधी दिली नव्हती.

"हजर," टिपणीस म्हणाले.

तीनशे माणसं टिपणीसांकडे बघू लागली. मग साळूबाईचा आवाज आला, "अगो बाय, ह्यो तर सांगनाराच निगाला!" पण या वेळी कोणी हसलं नाही.

पुढचं वर्णन टिपणीसांनी कधीच केलं नाही, म्हणून आपणही थोडक्यात आवरू. साखर तपासली, बेताची होती. हत्यारं उकळायचं यंत्र तेवढ्यात बंद पडलं, म्हणून बाळंतपणाच्या खोलीतून दुसरी आणली. मग वीज गेली. काशीराम बॅटरी धरून उभा राहिला आणि टिपणीसांना धीर यावा म्हणून गावची पालखी कशी कमी माणसांत नाचवली ते सांगू लागला. डॉ. धवल वाकून बघत होते, शिकत होते, दोनदा 'वा' म्हणाले. दाराबाहेर निषाद घड्याळ लावून बसला होता. टिपणीस छताकडे बघत होते.

"टिपणीस," तांबेबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, सकाळी सह्या करताना असतो तसा. "यंत्राच्या दुरुस्तीचं पत्र गेलं का?"

"गेलं, मॅडम. स्मरणपत्रही गेलं."

"तारीख?"

"बारा फेब्रुवारी. जावक क्रमांक…" आणि क्रमांक आठवेपर्यंत टाके घालून झाले होते.

घड्याळाने एकूण एक तास पन्नास मिनिटं दाखवली. निषादने वहीत लिहिलं, प्रत्यक्ष क्षमता दिवसाला दोन, वीज असल्यास तीन. निघताना त्याने शेवटचं पान उघडून टिपणीसांना ती बारीक इंग्रजी ओळ दाखवली. टिपणीसांनी ती झोपल्या झोपल्या वाचली आणि डोळे मिटले.

घरी शुभदाताईंनी त्यांना उशी दिली, पाय उंच ठेवले आणि विचारलं, "आता कसा आहे गुडघा?"

टिपणीसांनी हात सवयीने गुडघ्यावर नेला.

"दहा महिन्यांत कधी डावा दुखायचा, कधी उजवा," त्या म्हणाल्या. "आणि पनवेलची चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. शर्ट मी धुते."

"मग तेल का चोळत होतीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तेल चोळताना माणूस बोलतो, म्हणतात." त्यांनी उशी नीट केली. "तुम्ही बोलला नाहीत." टिपणीसांना दुसऱ्यांदा शरम वाटली आणि ही पहिल्यापेक्षा खोल होती. त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला. एवढ्यात आनंदीबाई निर्गुडी घेऊन आल्या आणि त्या पाला न बांधता परत जाणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पंधरा दिवसांनी टिपणीस कामावर आले. लोक काय म्हणतील, याची त्यांनी रात्रभर तालीम केली होती. कोणी काही म्हटलं नाही. एसटीत लतीफभाईंनी खिशातून मिठाईचा पुडा काढून दिला, तेवढंच. टेबलावर पत्र पडलं होतं. 'क्षमता ५४००, शिबिराचे उद्दिष्ट ४०, साध्य केवळ १. कारणांचा खुलासा करावा.' टिपणीसांनी पेन काढलं. नेहमीचे शब्द समोर रांगेत उभे होते: तांत्रिक अडचण, अपरिहार्य कारण, पाठपुरावा सुरू. त्यांनी ते सगळे बाजूला ठेवले आणि एक ओळ लिहिली. 'गरज एकालाच होती, तो हजर झाला. बाकीचे आकडे माझे होते.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. तांबेबाईंनी ती ओळ वाचली आणि प्रतिस्वाक्षरी केली.

मग टिपणीसांनी काशीरामला हाक मारली आणि दोघांनी मिळून अभिलेख कक्ष रिकामा केला. एकतीस वर्षांचे आकडे पोत्यांत भरून जिन्याखाली गेले. खोलीला चांगलं जाड दार होतं, आतून कडी होती. दोन खुर्च्या ठेवल्या, खिडकीला पडदा लावला.

आठवड्याने दुपारी, बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर, टिपणीसांच्या टेबलापुढे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मान वर केली तर कापड्याचा सहदेव. मिशी तीच, पण छाती आत गेलेली. तो आधी पंख्याकडे बघत राहिला, मग कॅलेंडरकडे, मग बाहेर कोणी आहे का तिकडे.

"साहेब, ते सभेत लिवून घेतलं व्हतं ना तुमी…" त्याच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरी झाली होती. "मला पन हाय. तुमच्यासारकं नाय. त्ये दुसरं. विषयांकित."

टिपणीसांनी आवक रजिस्टर मिटलं. हा माणूस दारापर्यंत किती वेळा येऊन परत गेला असेल, याचा हिशोब त्यांनी केला नाही. ते उठले, नव्या खोलीचं दार उघडून त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "मी मॅडमना बोलावतो. भिऊ नको, बाई काम करताना जावक क्रमांक विचारतात."